विलीनीकरण होत असताना केबिन क्रूने कोणत्या संघटनेत राहावे?

प्रश्न : होटगी रोड, सोलापूर

नमस्कार. माझी धाकटी मुलगी सहा वर्षांपासून एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून नोकरी करते. तिची कंपनी आता तिच्याहून बऱ्याच मोठ्या कंपनीत विलीन होत आहे. तिच्या कंपनीत केवळ क्रूची अशी एक संघटना आहे आणि मुलगी पहिल्या वर्षापासून तिची सभासद आहे. मोठ्या कंपनीत सर्व खात्यांच्या कर्मचाऱ्यांची मिळून एक संघटना आहे आणि तिचे प्रतिनिधी आतापासूनच मुलीच्या कंपनीतल्या क्रूकडे फॉर्म पाठवू लागले आहेत.

मागच्या आठवड्यात ती तीन दिवसांच्या सुट्टीवर घरी आली, तेव्हा असा एक फॉर्म मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. पगारातून वर्गणी कापण्याचे ते संमतीपत्र होते आणि सहीच्या जागेच्या वर बारीक अक्षरात छापले होते की, या संमतीने यापूर्वीच्या सर्व संमती रद्द समजाव्यात. मुलीने ती ओळ पाहिलीच नव्हती. तिच्या बरोबरीच्या काही मुलींनी सह्या करूनही टाकल्या आहेत, कारण "मोठी संघटना असेल तर संरक्षणही मोठे" असे त्यांना सांगण्यात आले. विमानाचा आवाज आमच्या भागाला नवा नाही, पण विमानातल्या नोकरीचे कायदे आम्हाला ठाऊक नाहीत. जुन्या संघटनेत राहावे की नव्या, हे कशावरून ठरवावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त गिरणी कामगार, सोलापूर

आपण ती बारीक ओळ वाचलीत हे फार चांगले केलेत. मी इथल्या एका गिरणीत साचेवाला, म्हणजे माग चालवणारा कामगार होतो. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, 1946 या कायद्याखाली 25 टक्के सभासद दाखवणारी संघटना "प्रातिनिधिक" ठरत असे आणि एकदा ती तशी ठरली की, बाकीचे 75 टक्के कोणाच्या मागे उभे आहेत, याला कायद्यात फारसे मोल उरत नसे. 1982 च्या मुंबईच्या संपात कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, पण कायद्याने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. पुढे काय झाले ते आपण सर्वजण जाणतोच.

आमच्या खात्यात पगाराच्या दिवशी जॉबर (कामगारांवरचा मुकादम) शेजारी उभा राहून पावत्या फाडायचा आणि कित्येकांना आपण कोणत्या संघटनेचे सभासद झालो हे घरी जाऊन पावती वाचल्यावर कळायचे. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना तेही कळत नसे. आजच्या संमतीपत्राची रीत निराळी असली तरी जात तीच आहे. मुलीला एवढेच सांगा की, जुन्या संघटनेची वर्गणी एक महिनाही थकू देऊ नये, कारण मोजणी होते तेव्हा कागद पाहिला जातो, मनातली निष्ठा नव्हे.

उत्तर २ : कामगार कायद्याची वकिली, माहेर सोलापूर

वरील अनुभव मोलाचा आहे, परंतु कायदा इथे वेगळा लागतो. हवाई वाहतुकीच्या बाबतीत "समुचित शासन", म्हणजे कामगार कायदा राबवणारे सरकार, केंद्र सरकार असते. त्यामुळे गिरण्यांचा 1946 चा कायदा किंवा आपल्याकडच्या कारखान्यांना परिचित असलेला महाराष्ट्राचा संघटनांच्या मान्यतेचा 1971 चा कायदा हा मार्ग नाही, आणि सोलापूरच्या कामगार कार्यालयात चौकशी करून उपयोग होणार नाही. हे काम केंद्राच्या मुख्य कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जाते.

आता प्रश्न आकड्यांचा. औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार एकाहून अधिक संघटना असतील, तर आस्थापनेच्या हजेरीपटावरील किमान 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाटी करते. तेवढा पाठिंबा कोणाकडेच नसेल, तर वाटाघाट परिषद बनते आणि तीत दर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी बसतो. अमेरिकेत फ्लाइट अटेंडंट हा स्वतंत्र वर्ग धरून त्यांचेच मतदान घेतले जाते. आपल्या संहितेत मात्र मोजणी संपूर्ण आस्थापनेची आहे, म्हणजे ग्राउंड स्टाफ आणि तंत्रज्ञही त्याच पटावर आले. समजा, जुन्या कंपनीच्या पटावर 4,000 कामगार होते आणि क्रूच्या संघटनेचे सभासद 2,400 होते. तेव्हा तिच्याकडे 60 टक्के होते आणि बोलण्याचा अधिकार तिचा एकटीचा होता. विलीनीकरणानंतर पट 12,000 चा झाला, तर तेच 2,400 बरोबर 20 टक्के होतात. एक सही इकडची तिकडे गेली की परिषदेतली ती एकमेव जागाही गेली. शिवाय समोरच्या संघटनेने 51 टक्के गाठले, तर परिषद बनतच नाही.

तरीही माझ्या मते "मोठी की छोटी" हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे ते हे की, दोन कंपन्यांची ज्येष्ठता यादी एकत्र लावताना त्या संघटनेचा नियम काय आहे. व्यवसायाच्या हस्तांतरणाबाबतच्या कायद्याचा रोख सेवा अखंड राहावी आणि शर्ती पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नसाव्यात यावर आहे. सहा वर्षे झालेली तुमची मुलगी तिकडच्या चार वर्षे झालेल्या मुलीच्या वर बसेल की खाली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही दुसरी अमेरिकी विमान कंपनी विकत घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या फ्लाइट अटेंडंटना, त्यात वीस-तीस वर्षे उडालेल्या बायकाही होत्या, एकत्रित यादीत सर्वांत तळाशी टाकण्यात आले. हे व्यवस्थापनाने एकट्याने केले नव्हते. अमेरिकनमधल्या अटेंडंटच्या संघटनेची भूमिकाच तशी होती. त्यानंतर 11 सप्टेंबरच्या हल्ल्यामुळे कपात आली, कपात तळापासून सुरू झाली आणि 2003 पर्यंत त्या जवळजवळ सर्व जणी घरी बसल्या. याच कटू अनुभवातून तिथे 2007 मध्ये मॅकॅस्किल-बाँड कायदा झाला, ज्यानुसार याद्या न्याय्य रीतीने एकत्र कराव्या लागतात आणि एकमत न झाल्यास प्रकरण लवादाकडे जाते. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून संघटनेच्या घटनेतले वाक्य पाहणे अधिकच गरजेचे आहे.

एक मुद्दा राहिला. मुलीचे पद "सुपरवायझर" असेल, तर ती कायद्याने "कामगार" आहे की नाही हा वाद उद्भवू शकतो. संहितेत पर्यवेक्षकीय कामासाठी वेतनाची मर्यादा 18,000 रुपये आहे, पण पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले जाते.

प्रश्नकर्ते : होटगी रोड

दोघांचेही आभार. मुलगी सुपरवायझर नाही. एक शंका आहे : दोन्हीकडे सभासद राहिले तर चालणार नाही का? तिच्या काही मैत्रिणी तसेच करणार आहेत.

उत्तर ३ : केबिन क्रू, मूळ गाव बार्शी

काका, कृपया तसे करू देऊ नका. पडताळणीत एकच नाव दोन याद्यांत आले की दोन्ही संघटना त्यावर हक्क सांगतात, आणि नंतरच्या तारखेचे संमतीपत्र पहिल्यावर मात करू शकते. आपण वाचलेली ओळ त्यासाठीच छापलेली असते. घाईही करू नये. अमेरिकेतल्या डेल्टा आणि नॉर्थवेस्ट या विमान कंपन्या एकत्र आल्यावर 2010 मध्ये अटेंडंटचे मतदान झाले, तेव्हा नॉर्थवेस्टकडे असलेली संघटना अवघ्या 328 मतांनी हरली आणि एकत्रित कंपनीत क्रूला कोणतीच संघटना उरली नाही. तिथल्याच युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल या एकत्र आलेल्या कंपन्यांच्या क्रूने 2011 मध्ये संघटना निवडली, पण सर्वांसाठी एकच करार व्हायला 2016 उजाडले आणि 2018 पर्यंत एका बाजूचा क्रू दुसऱ्या बाजूच्या विमानावर चढत नव्हता. म्हणजे आज कोणी "दोन महिन्यांत सगळे एकसारखे होईल" असे म्हणत असेल, तर ते मला पटत नाही.

मी स्वतः अशा बदलातून गेले आहे. माझ्या वेळी रुजू होण्याची तारीख धरायची की प्रशिक्षण पूर्ण झाल्याची, यावरूनच सगळे भांडण पेटले होते, आणि दोन तारखांमध्ये अंतर होते फक्त तीन महिन्यांचे. तेव्हा दोन्ही संघटनांना ईमेलवर एकच प्रश्न विचारायला सांगा : ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून मोजणार? फोनवर दिलेले उत्तर धरू नका.

प्रश्नकर्ते : होटगी रोड

मुलीने परवा दोन्हीकडे ईमेल पाठवला. जुन्या संघटनेने घटनेतले कलम जोडून उत्तर दिले : रुजू होण्याची तारीख. मोठ्या संघटनेकडून "प्रत्यक्ष भेटा, सविस्तर बोलू" असा फोन आला. लेखी काही आले नाही. तिने नव्या फॉर्मवर सही केलेली नाही. जुन्या संघटनेची वर्षभराची वर्गणी भरून तारखेची पावती घेतली आहे आणि मूळ प्रत इकडे माझ्याजवळ ठेवायला दिली आहे.