सभेत सगळे ‘हो’ म्हणतात, कचरा मात्र एकत्रच येतो. मन बदललं की वागणं बदलतं का?

सोसायटी_सचिव_नेरुळ
३२ घरांची सोसायटी. ओला-सुका कचरा वेगळा करण्यावर व्याख्यान झालं, फॉर्म भरून घेतले, प्रत्येकाने ‘पाठिंबा आहे’ असं लिहून दिलं. तरी सकाळी दारात त्याच गच्च बांधलेल्या काळ्या पिशव्या. समितीत दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, आणखी जागृती करा, दृष्टिकोन बदलला की वागणं आपोआप बदलेल. बाकीचे म्हणतात, दंड लावा. जाणकारांनी सांगावं, दृष्टिकोन बदलून वागणं खरंच बदलतं का?

मानसशास्त्र_शिक्षिका_ठाणे
बदलतं, पण आपण धरून चालतो त्यापेक्षा बरंच कमी. वेब आणि शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ४७ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. परिणाम मोजायच्या एकाच मापावर लोकांच्या इराद्यात ०.६६ इतका बदल घडवला, तेव्हा प्रत्यक्ष वागण्यातला बदल ०.३६ भरला. म्हणजे ‘ठरवलं’ आणि ‘केलं’ यांच्यामध्ये जवळजवळ निम्मी गळती.

तुमच्या फॉर्मची अडचण मात्र त्याच्याही आधीच्या टप्प्यावरची आहे. त्यात विचारलं काय? ‘कचरा वर्गीकरणाला पाठिंबा आहे का?’ इतक्या ढोबळ मतावरून वागणं ओळखता येत नाही. डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांचा १९७९ चा अभ्यास बघा. गर्भनिरोधनाबद्दल स्त्रियांचं सर्वसाधारण मत आणि गोळ्यांचा प्रत्यक्ष वापर यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) होता जेमतेम ०.०८. ‘पुढच्या दोन वर्षांत मी स्वतः गोळ्या घेणं’ याबद्दलचं मत विचारलं, तर तोच ०.५७ झाला. कृती, वस्तू, जागा आणि वेळ, या चारही गोष्टी प्रश्नात हव्यात. ‘उद्यापासून रात्रीचं खरकटं तुमच्या घरात कोण, कोणत्या डब्यात टाकणार?’ असं विचारा. याचं उत्तर जिथे अडेल तिथेच तुमचं काम आहे.

कंपोस्ट_सानपाडा
वरच्या प्रश्नातला ‘कोण’ फार महत्त्वाचा. फॉर्मवर सही घरमालकाची, पण पुष्कळ घरांत पिशवी बांधतात घरकामाच्या ताई. त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं का? मत एकाचं आणि हात दुसऱ्याचा असेल तर मत कितीही बदला, पिशवी तशीच येणार. त्यांना ओट्यापाशी दहा मिनिटं दाखवा, त्यांच्या सोयीच्या वेळी.

आता ओटा. बहुतेक घरांत ओट्याखाली डबा एकच, दुसरा बाल्कनीत. ओले हात घेऊन बाल्कनीपर्यंत कोणी जात नाही. दोन्ही एका हाताच्या अंतरावर हवेत: ओल्यासाठी सात-आठ लिटरचा झाकणाचा डबा, सुक्यासाठी त्याच्याच बाजूला टांगलेली मोठी गोणपिशवी. चौघांच्या घरात ओला कचरा दिवसाला साधारण किलोभर निघतो, त्याला एवढा डबा पुरतो. चहाचा चोथा आणि भाजीचं पाणी आधी गाळणीत निथळू द्या, तळाला वर्तमानपत्राची घडी घाला. प्लॅस्टिकची पिशवी घालू नका. ती फाडून रिकामी करायला खाली कोणालाच वेळ नसतो आणि तिथेच सगळं पुन्हा एक होतं. दुधाची पिशवी लगेच विसळून वाळत टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास येतो आणि अख्खा सुका कचरा ओल्यात जातो. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून तिसरीकडे. ही तिसरी जागा दिली नाहीत तर ते सुक्यात येतात, आणि मग सफाई कामगाराने त्या पिशवीत हात का घालावा?

ओला रोज उचला, सुका आठवड्यातून दोनदाच. सुका रोज उचलला की वेगळं ठेवायचं कारणच उरत नाही. आणि जिन्यात दोन्ही डबे एकाच पिंपात उलटे होत असतील तर ते आधी थांबवा. माझ्या मते सोसायट्यांचे प्रयत्न सर्वांत जास्त इथेच कोसळतात.

विवेक_नौपाडा
सोय हवीच. पण दृष्टिकोन असा बाजूला सारू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत सांगते की घटना आणि वागणं यांच्या मध्ये एक समजूत असते, ती हुडकून काढायची. इथे मला तीन दिसतात. ‘शेवटी गाडीत एकत्रच जातं.’ ‘मी मेंटेनन्स भरतो, हे माझं काम नाही.’ आणि तिसरी, जी कोणी सभेत बोलत नाही: ‘कचऱ्याला हात लावणं कमीपणाचं.’ पहिली समजूत पुराव्याने जाते: खाली घंटागाडीत ओला आणि सुका वेगळ्या कप्प्यांत पडताना सभासदांना दाखवा. तिसरी आपल्याकडे जातीच्या उतरंडीतून आली आहे, ती व्याख्यानाने जात नाही. एलिससुद्धा नुसत्या समजण्यावर थांबत नसत. समजुतीच्या उलट प्रत्यक्ष वागायचा गृहपाठ देत. समिती सदस्यांनी ओळीने चार रविवार, सगळ्यांच्या देखत, हातमोजे घालून वर्गीकरणाला उभं राहावं. अध्यक्षांनी सर्वांत आधी.

सोसायटी_सचिव_नेरुळ
रविवारी उभं राहायला समितीतल्या चौघांची नावं लिहून घेतली. ताईंचा मुद्दा आमच्या कोणाच्याच लक्षात आला नव्हता. दंडाचं काय? आणि ‘अनेक सभासद अजूनही कचरा वेगळा करत नाहीत’ अशी नोटीस तयार आहे, ती लावू का?

मानसशास्त्र_शिक्षिका_ठाणे
ती नोटीस कृपया लावू नका. अमेरिकेत ॲरिझोनातल्या अश्मीभूत लाकडांच्या राष्ट्रीय उद्यानात ‘अनेक पर्यटक लाकूड उचलून नेतात’ अशा आशयाची पाटी लावली, तेव्हा संशोधकांनी खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी ७.९२ टक्के चोरीला गेले. फक्त ‘लाकूड नेऊ नका’ अशी विनंती होती तेव्हा १.६७ टक्के. ‘सगळेच करत नाहीत’ हे वाचून माणूस निर्धास्त होतो.

दंडही सुरुवातीला नको. इस्रायलच्या हैफा शहरातल्या पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. दंड काढल्यावरही तो खाली आला नाही. २००० मध्ये छापून आलेला अभ्यास आहे हा. पैसे भरले की अपराधी वाटणं संपतं.

त्याऐवजी प्रत्येक घराकडून एकच जर-तर वाक्य ठरवून घ्या: ‘चहा गाळला की चोथा लगेच हिरव्या डब्यात.’ सवय अंगवळणी पडायला लंडनच्या एका अभ्यासात मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस लागले, कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५४ असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून दहा आठवड्यांच्या आत निकाल लावू नका.

डबे बदलायच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात, किती दारांतून कचरा नीट वेगळा येतो ते सलग सात दिवस मोजून ठेवा. लिफ्टजवळच्या फळ्यावर नंतर फक्त वाढ लिहा: ‘गेल्या आठवड्यापेक्षा ४ घरं जास्त.’ चुकणाऱ्या घरांचे नंबर तिथे नकोत, त्यांच्याकडे संध्याकाळी दार वाजवून जा.