मुलीच्या मुरुमांसाठी पुण्याहून जर्मनीला ट्यूब पाठवावी का?

कोथरूडची_आई:
माझी मुलगी गेल्या वर्षापासून जर्मनीत आखन येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. पुण्यात तिला अधूनमधून एखादे मुरूम येत असे. तिकडे गेल्यावर मात्र हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखणाऱ्या गाठी येऊ लागल्या. सुट्टीत ती घरी आली, तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दिलेल्या ट्यूबने आठवड्याभरात चेहरा इतका स्वच्छ झाला, की जाताना तिने चार ट्यूबा बरोबर नेल्या. त्या संपल्यावर पंधरा दिवसांत चेहरा पूर्वीपेक्षा लाल झाला असून उन्हात आग होते. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तीन महिन्यांनंतरची वेळ दिली आहे. ओळखीचा एक मुलगा पुढच्या आठवड्यात तिकडे निघाला आहे. त्याच्याबरोबर ट्यूबा द्याव्यात, कुरिअर करावे, की तिथेच काही सोय होऊ शकेल?

त्वचावैद्य_पुणे:
ताई, चेहरा न पाहता मी निदान करणार नाही. परंतु आठवड्यात चेहरा लख्ख होणे आणि ट्यूब थांबवताच तो भडकणे, हे वाचून मला पहिली शंका येते ती स्टेरॉइडची. खोक्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी काही लिहिले आहे का, ते कृपया पाहावे. ही द्रव्ये सूज आणि लाली तात्पुरती दाबतात, म्हणून गुण आल्यासारखे वाटते. पण चेहऱ्यावर ती महिनोन्महिने लावली, तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि खुद्द स्टेरॉइडमुळेच नवी मुरुमे येतात. २०१८ मध्ये सरकारने याबाबतचे नियम कडक केले, तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ट्यूब काढून देण्याची आपल्याकडची सवय गेलेली नाही. खऱ्या उपचारांना असा झटपट गुण येत नाही. अडापालीन हे मुरुमांवरचे मलम रोज रात्री लावले, तरी फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि सुरुवातीला मुरुमे थोडी वाढल्यासारखीही वाटू शकतात. मुलीची पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर मुळाशी हार्मोन्सचा बिघाड असू शकतो, म्हणून तेही तिने डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि कोणी आयसोट्रेटिनॉइन या मुरुमांवरच्या गोळ्या पाठवा असे सुचवले, तर ऐकू नका. त्या चालू असताना गर्भ राहिल्यास बाळात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून त्या तपासण्यांसह, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात.

राइनकाठचा_पुणेकर:
कुरिअरचा विचार सोडून द्यावा. युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीच्या नावे टपालाने औषधे मागवण्यास जर्मनीत सहसा परवानगी नाही. पाकीट सीमाशुल्क खात्यात अडकते. प्रवाशाला स्वतःपुरती औषधे आणता येतात, पण त्या बिचाऱ्या मुलाला दुसऱ्याच्या ट्यूबांचा हिशेब द्यायला लावू नये.

तिथली वाट अशी आहे. आधी तिने घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे, म्हणजे ‘हाउसआर्ट्स्ट’कडे जावे. त्वचारोगतज्ज्ञाकडे थेटही जाता येते, परंतु फॅमिली डॉक्टरांनी तातडीचा संकेतांक घालून ‘उबरवायझुंग’, म्हणजे शिफारसचिठ्ठी दिली, तर ११६११७ या क्रमांकाच्या, डॉक्टरांची वेळ मिळवून देणाऱ्या सेवेमार्फत साधारण चार आठवड्यांच्या आतली वेळ मिळवता येते. सरकारी आरोग्यविमा असेल, तर तपासणीचे वेगळे पैसे पडत नाहीत. अडापालीनला तिथे चिठ्ठी लागते, बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचे दुसरे औषध मात्र चिठ्ठीशिवाय मिळते, पण ‘आपोथेके’त, म्हणजे औषधांच्या दुकानातच, साबण-शाम्पूच्या दुकानात शोधून उपयोग नाही. मी स्वतः तीन दुकाने पालथी घातली होती, आणि विचारायचे नाही हा पुणेरी बाणा तेव्हा महागात पडला.

कोथरूडची_आई:
मनःपूर्वक आभार. खोके शोधून काढले. त्यावर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन नावे आहेत. मुलीने त्याचा फोटो फॅमिली डॉक्टरांना दाखवला, तेव्हा त्यांनी लगेच शिफारसचिठ्ठी दिली आणि आता एकोणीस दिवसांनंतरची वेळ मिळाली आहे. तोवर तिने बेन्झॉइल पेरॉक्साइड लावण्यास सुरुवात करावी का?

त्वचावैद्य_पुणे:
चेहऱ्याची आग होत असताना मी ते सुरू करणार नाही, कारण ते त्वचा कोरडी करते. तोवर सौम्य फेसवॉश, सुगंधरहित मॉइश्चरायझर आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन एवढेच पुरे. जुनी ट्यूब पुन्हा लावू नये, आणि आग किंवा सूज वाढली, तर एकोणीस दिवस न थांबता फॅमिली डॉक्टरांकडे परत जावे. तपासणीच्या दिवशी खोक्याचा फोटो आणि ट्यूब किती महिने वापरली याची टिपण सोबत असावी. पुढे बेन्झॉइल पेरॉक्साइड लिहून दिलेच, तर उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे घ्यायला सांगा. रंगीत कापडावर त्याचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.