मे महिन्यात सागरेश्वरला जावंच

"मे मध्ये सागरेश्वरला काय बघायचं, सगळा वाळलेला पाला," असं एका दादांनी सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्याबद्दल लिहिलंय. मला तर तोच पाला गळलेला हवा असतो. पावसाळ्यानंतर गवत कंबरेएवढं, चार हातांवरचं जनावर दिसत नाही. उन्हाळ्यात झाडी विरळ होते आणि सगळी जनावरं पाणवठ्याकडे ओढली जातात.

कोल्हापूरवरून अंधारातच निघा. नऊनंतर ऊन असं तापतं की जनावरंही सावली सोडत नाहीत. अभयारण्य लहान, जेमतेम ११ चौ. किमी, पण उघड्या माळावर काळवीट आणि झाडीच्या कडेला चितळ, दोन्ही एकाच सकाळी दिसू शकतात. चितळाचे नर या दिवसांत माजावर असतात, त्यांचं ओरडणं लांबून ऐकू येतं. सांबरांची शिंगं मात्र याच काळात गळतात, म्हणून बिनशिंगाचं सांबर दिसलं की लगेच मादी म्हणून मोकळं होऊ नका! काळविटाची शिंगं कधीच गळत नाहीत. माळावर एकाच जागी लेंड्यांचा ढीग दिसला तर ती नराची हद्द समजा.

महिनाअखेरीस पावशा पक्षी ओरडायला लागतो, नशीब असेल तर नवरंगही.

पाणी भरपूर घ्या, भडक कपडे नकोत. आणि भावांनो, ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा. परतताना देवराष्ट्रे वाटेतच आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव.