फर्स्ट कॉपी गॉगल रोज लावले तर डोळ्यांना चालतात का? (होडीवर काम आहे)

जेटीवरचा

नमस्कार मंडळी. मी मालवणचा. जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर माणसं ने-आण करणारी आमची होडी आहे. बाबा आणि मी आलटून पालटून सुकाणूवर असतो. पावसाळ्याचे महिने सोडले तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोक्यावर ऊन आणि खाली पाणी. एप्रिल-मे मध्ये तर दुपारी दोन वाजता डोळे उघडे ठेवणं हेच काम होऊन बसतं.

गेली चार वर्षं मी गाड्यावरचे गॉगल वापरतोय. आताचा १८० रुपयांचा. निळी-हिरवी मर्क्युरी (आरशासारखी चमकणारी) काच, कानापर्यंत वळलेला, सायकलवाले लावतात तसा. एका दांडीवर ओकलीचं नाव बरोबर आहे, दुसरीवर स्पेलिंगमधला 'ए' गायब. घेताना काचेवर 'यूव्ही ४००' असा गोल स्टिकर होता, तो दुसऱ्या दिवशी घामाने निघाला आणि गोंद मात्र आठवडाभर राहिला. चार वर्षांत सात गॉगल झाले. त्यातले पाच समुद्राने घेतले.

आता विचारायचं कारण. बाबांच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांसासारखा त्रिकोणी पडदा बुबुळाकडे सरकतोय. आजी त्याला वडस म्हणते. शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं ऊन आणि खारं वारं खाल्ल्याने होतं, वाढलं तर काढावं लागेल. बाबांनी आयुष्यात कधी गॉगल लावला नाही, कपाळावर हात धरून समुद्र बघितला.

मग गेल्या रविवारी होडीत पुण्याचे एक गृहस्थ बसले. त्यांचा गॉगल खरा, चौदा हजारांचा. माझा बघून म्हणाले, "हा लावण्यापेक्षा काहीच नको लावूस. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि सगळे अतिनील किरण सरळ आत जातात." घरी हे सांगितलं तर आईचं सुरू झालं, "काडून टाक तो चष्मो मेल्या, आंधळो होतलंस." आता बिनगॉगलचे बाबा आणि नकली गॉगलवाला मी, दोघंही वाईटच का? चौदा हजार आमच्याकडे नाहीत. असले तरी ते समुद्रात टाकायला नाहीत.

अजून एक. संध्याकाळी माझं भुवयांच्या मधोमध दुखतं. ते उन्हाने की गॉगलने?

शिडाची होडी

डोळ्यांचं डॉक्टरांना विचार, पण आपल्या धंद्यात पोलराइज्ड काच घे. पाण्यावरची चकाकी मरते आणि किल्ल्याजवळची खडपं पाण्याखाली दिसतात. फक्त फिशफाइंडरचा स्क्रीन मान वाकडी केली की काळा पडतो. मी पहिल्या दिवशी मशीन बिघडलं समजून अर्धा तास वायरी तपासल्या होत्या.

काचवाला कुडाळ

माझं चष्म्याचं दुकान आहे, बावीस वर्षं. मी डॉक्टर नाही, काचेपुरतं बोलतो. सगळ्यांच्या डोक्यात जो गोंधळ आहे तो आधी सोडवूया.

काच किती काळी आहे आणि ती अतिनील किरण किती अडवते, यांचा एकमेकांशी संबंध नाही. काळेपणा म्हणजे दिसणारा उजेड किती कमी होतो तेवढंच. नेहमीचे उन्हाचे गॉगल तिसऱ्या श्रेणीचे असतात, ते ८ ते १८ टक्के उजेड आत सोडतात. चौथ्या श्रेणीचे ३ ते ८ टक्के सोडतात, ते लावून गाडी चालवायची नसते. अतिनील अडवणं हे काचेच्या मालाचं काम. पूर्ण पारदर्शक, पांढरी काचसुद्धा ते करू शकते. 'यूव्ही ४००' म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवते, एवढाच त्याचा अर्थ (नॅनोमीटर हे किरणाच्या तरंगलांबीचं माप, अतिनील साधारण ४०० च्या खाली येतं). हे वाक्य खरं आहे की नुसतं छापलंय, ते स्टिकरवरून कळत नाही. स्टिकर रोलवर मिळतात.

आता तुझा १८० चा. या वळणाच्या गॉगलची काच बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेटची, म्हणजे एका चिवट प्लास्टिकची असते. आणि पॉलिकार्बोनेट मुळातच, काहीही न मिसळता, ३८० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतचं अतिनील अडवतं. म्हणून लोक घाबरत घाबरत नकली गॉगल माझ्याकडे तपासायला आणतात आणि त्यातले बहुतेक पास होतात. ओरखडे पडले तरी हा गुण जात नाही, तो मालातच असतो. मर्क्युरी निघाली तर फक्त शोभा जाते.

पुण्याचे गृहस्थ बाहुलीबद्दल म्हणाले ते तत्त्व म्हणून बरोबर आहे. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि डोळे बारीक करायची आपली सवयही सुटते. काच अतिनील सोडणारी असेल तर तोटा होऊ शकतो. पण 'असेल तर' हे शब्द ते विसरले. साधं ॲक्रेलिक (दुसरं, ठिसूळ प्लास्टिक) असेल, त्यात काही मिसळलेलं नसेल, तर ते बरंच अतिनील सोडतं. असे गॉगल मला जास्त करून लहान मुलांचे सापडतात. आंगणेवाडीच्या जत्रेतून आणलेला एक गुलाबी काचेचा, मांजराच्या कानांचा, मशीनवर ठेवला तर काटा जवळजवळ हललाच नाही. जे वर पाठवलं ते सगळं खाली आलं. मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्या माणसापेक्षा स्वच्छ असतं, आत जास्त जातं. तिथे मात्र मी आयांना स्पष्ट सांगतो की हा फोटोपुरता ठेवा.

बाबांचं वडस नाकाच्याच बाजूला का, हे ऐक. कानाच्या बाजूने तिरका येणारा उजेड बुबुळाच्या पुढच्या फुगीर भागातून वाकतो आणि पलीकडच्या, म्हणजे नाकाकडच्या कडेवर एकवटतो. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसंच, फक्त आडवं. वडस नाकाकडून जास्त होण्यामागे हे एक कारण मानतात. म्हणजे समोरची काच कितीही भारी असली तरी बाजू उघडी असेल तर काम अर्धंच. तुझा नकली, कानापर्यंत वळलेला, चेहऱ्याला चिकटून बसणारा गॉगल या एका बाबतीत लग्नात लावतात त्या छोट्या गोल महागड्या गॉगलपेक्षा सरस आहे. माझ्याच दुकानातले गोल गॉगल त्याच्यापुढे हरतात, आता काय करणार.

पोलराइज्डबद्दल वर लिहिलंय ते खरं, पण ती वेगळी गोष्ट आहे. चकाकी म्हणजे अतिनील नव्हे. डोळे दिपवणारं पाणी प्रत्यक्षात १० टक्क्यांच्या आतच अतिनील परत फेकतं. कोरडी वाळू साधारण १५ टक्के, लाटांचा फेस २५ टक्के. बाकीचं सगळं वरून, आभाळातून. पातळ ढग आले म्हणून गॉगल खिशात टाकू नकोस, आणि काठाची टोपी घाल. गाड्यावरच्या गॉगलवर 'पोलराइज्ड' लिहिलेलं असेल तर मोबाइलच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू गोल फिरव. एका जागी स्क्रीन काळा पडला तर खरं, काहीच फरक पडला नाही तर बहुतेक नुसती छपाई, पण काही मोबाइलचे स्क्रीन खऱ्या काचेमागेही काळे पडत नाहीत.

आता दुखण्याचं. माझा संशय इथेच आहे. इतकी वळलेली काच डोळ्यासमोर तिरकी बसते, त्यामुळे नजर किंचित बाजूला ढकलली जाते. चांगले बनवणारे काचेची जाडी मधून कडेकडे हळूहळू बदलत नेतात आणि मध्यबिंदू सरकवून तो दोष काढतात. पैसे लागतात ते तिथे. नकलीत नाव उतरवतात, वळण उतरवतात, हे उतरवत नाहीत. मग दोन डोळे दिवसभर एकमेकांशी जुळवून घेत राहतात आणि संध्याकाळी बिल भुवयांच्या मध्ये येतं. घरी बघायचं तर गॉगल हातभर लांब धरून काचेतून दाराची चौकट बघ आणि गॉगल हळू वर-खाली, डावी-उजवीकडे हलव. चौकट पाण्यातल्या काठीसारखी वाकली तर तो गॉगल दिवसाचे आठ तास लावायचा नाही. अर्थात तुला नंबरही लागलेला असू शकतो. तेही तपासून घे.

अतिनील मोजायचं मशीन बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत असतं, दहा सेकंदांचं काम. मी पैसे घेत नाही.

वेंगुर्ल्याची सून

माझ्या सासऱ्यांचं वडस काढलं होतं, दोन वर्षांत परत आलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी काढलेल्या जागी त्यांच्याच डोळ्याच्या वरच्या भागातला पातळ पापुद्रा बसवला. असं केलं की परत यायची शक्यता कमी होते म्हणाले. आता तीन वर्षं झाली, ठीक आहे. पण काढल्यावर गॉगल लावाच म्हणून सांगितलं तरी सासरे 'मी काय हिरो आहे का' म्हणत लावत नाहीत. जेटीवरचा, तुझ्या बाबांना आधी तयार कर. आमच्याकडे गॉगल आणणं सोपं होतं, लावायला लावणं कठीण.

काचवाला, घरी तपासायचा काही उपाय? आम्हाला कुडाळ लांब पडतं. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च चालतो म्हणे.

काचवाला कुडाळ

चालतो, पण फसवतो. नोटेवरचा नंबर अतिनील उजेडात चमकतो. मध्ये गॉगलची काच धरली आणि चमक गेली तर काच किरण अडवतेय. गंमत अशी की बाजारातला स्वस्त जांभळा टॉर्च साधारण ३९५ नॅनोमीटरचा असतो, म्हणजे अगदी काठावरचा. ३८५ पर्यंत अडवणारी चांगली काचसुद्धा त्याच्यापुढे नापास दिसते. ३६५ वाला टॉर्च असेल तर भरवसा ठेवा. आणि डोळ्यात मारून बघू नका, असं केलेलं गिऱ्हाईक मी बघितलंय.

अंडरआर्म ११

सगळे किरणांवर बोलताय, मी बॉलवर बोलतो. दोन वर्षांपूर्वी देवगडकडच्या एका स्पर्धेत पॉइंटला उभा होतो. गॉगल असाच, दोनशेचा, लाल मर्क्युरी. टेनिस बॉलच होता, तोही फार जोरात नाही. आधी 'टक्' असा आवाज आला, बरणीचं झाकण पडल्यासारखा. मला लागल्याचं कळलंच नाही. मग डावीकडून ऊन एकदम पांढरं दिसायला लागलं आणि गालावर ओलं वाटलं. काच तीन तुकड्यांत, त्यातला एक भुवईच्या खाली घुसलेला, नखाएवढा. दोन टाके. डॉक्टर म्हणाले अर्धा इंच खाली असता तर टाके घालायला इथे ठेवलाच नसता, कोल्हापूरला पाठवला असता. कॅच सुटला तो वेगळाच.

पॉलिकार्बोनेट फुटत नाही म्हणतात ना? मग हे काय होतं?

काचवाला कुडाळ

पॉलिकार्बोनेट असं टोकदार तुकड्यांत सहसा फुटत नाही, दबतं किंवा चिरतं. तुझं ॲक्रेलिक असणार. आणि हाच नकलीचा खरा धोका. आत काय माल आहे ते गाड्यावाल्याला माहीत नाही, त्याला विकणाऱ्यालाही नाही. एका खेपेत पॉलिकार्बोनेट, पुढच्या खेपेत दुसरंच, वर स्टिकर तोच.

खेळायला हार्डवेअरच्या दुकानातला धुरकट काचेचा सेफ्टी गॉगल घे. ग्राइंडर चालवणारे लावतात तो. दीड-दोनशेच्या आसपास मिळतो, दिसायला भंगार. दांडीवर किंवा काचेवर झेड ८७ किंवा ईएन १६६ असं कोरलेलं बघ. ते धक्क्यासाठीचं मानक आहे. कोरलेलंही नकली असू शकतं, पण ग्राइंडरवाल्याला शोभेसाठी गॉगल विकून कोणाला फारसं काही मिळत नाही.

जेटीवरचा

सगळ्यांचे आभार. सोमवारी समुद्र खवळलेला होता, होडी बंद, म्हणून कुडाळला जाऊन आलो. (काचवाल्यांनी चहा पाजला, आणि मीच तो हे न सांगता ओळखलं, दांडीवरच्या गायब 'ए'वरून.)

घरातले सगळे गॉगल पिशवीत भरून नेले होते. माझा १८० चा किरणांत पास. धाकट्या भावाचा, ज्याच्यावर मला जास्त विश्वास होता तो पिवळ्या काचेचा, नापास. वहिनीचा पास. चौकटीच्या परीक्षेत मात्र माझा असा काही वाकला की दुकानाचं दार केळीच्या पानासारखं दिसायला लागलं. नंबर तपासला, नाही लागला. म्हणजे दुखणं गॉगलचंच असावं. आज चौथा दिवस, तो लावलेला नाही, कपाळ शांत आहे.

बिननावाचा, वळलेला, पोलराइज्ड, साडेआठशेचा घेतला. त्यांनी मशीनवर ठेवून दाखवला आणि मगच पैसे घेतले. काल पहिल्यांदा किल्ल्याच्या दरवाज्यासमोरचं खडप पाण्याखाली अखंड दिसलं. इतकी वर्षं मी ते अंदाजाने टाळत होतो.

बाबांसाठी सेफ्टी गॉगलही दोन आणले, एक फुटला तर एक असावा म्हणून. बाबा म्हणाले, मी काय वेल्डर आहे? पण आज सकाळी बघतो तर लावून बसलेत, आणि दोन्ही दांड्यांना तंगूस बांधून गळ्यात अडकवलाय. गाठ गरीला मारतात तीच. मी म्हटलं माझ्यालाही बांधून द्या. तर म्हणाले, साडेआठशेचा आहे ना, त्याला दुहेरी लागेल, संध्याकाळी बघू.

संध्याकाळपर्यंत मी तो हातात धरूनच होडी चालवली.