हिप-हॉप ब्राँक्सचं, मग रेकॉर्ड इंगलवूडची कशी?

निशिगंध
आम्ही न्यू जर्सीत, बर्गन काउंटीत राहतो. लेक आठवीत आहे. शाळेने परिसराच्या इतिहासावर प्रकल्प दिलाय आणि तिने शेजारच्या इंगलवूडमधली शुगर हिल रेकॉर्ड्स ही कंपनी निवडली. माझं ऐकणं नाट्यगीतं-भावगीतांचं, त्यामुळे तिला मदत करताना अडतंय. हिप-हॉप न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलं असंच सगळीकडे वाचते. मग नदीपलीकडच्या या गावाचं एवढं नाव कशामुळे? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

रानपाखरू
१९७९ च्या ‘रॅपर्स डिलाइट’मुळे. पण प्रकल्पात ‘पहिली रॅप रेकॉर्ड’ (रॅप म्हणजे तालावर यमकं जुळवत बोलणं) असं लिहू देऊ नका. फॅटबॅक बँडचं ‘किंग टिम थर्ड’ त्याच वर्षी थोडं आधी आलं होतं. बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत मात्र पोचलं ते ‘रॅपर्स डिलाइट’च, ३६ व्या क्रमांकापर्यंत. बाकी पेटीकरकाका सांगतील, त्यांचा जीव आहे यात.

पेटीकर
निशिगंधताई, मी वीसेक वर्षं तबलावादनाला पेटीवर लेहरा धरतोय, म्हणजे एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहतोय. त्यामुळे या रेकॉर्डकडे मी गेलो तो बेस गिटारच्या वाटेने.

आजच्यासारखा जुन्या गाण्याचा तुकडा उचलून यंत्रावर फिरवत ठेवायची सोय तेव्हा स्टुडिओत नव्हती. शिक या बँडचं ‘गुड टाइम्स’ त्या उन्हाळ्यात गाजत होतं. त्यातली बेसची ओळ ‘रॅपर्स डिलाइट’साठी चिप शिअरिन या १७ वर्षांच्या मुलाने हाताने वाजवली, तीच ती, जवळजवळ १५ मिनिटं. लेहरा धरणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो. दहाव्या मिनिटाला मनगट जड होतं. मग कान तबल्याकडे ओढला जातो, आणि तिथेच सम निसटते. तुम्ही ‘रॅपर्स डिलाइट’ ऐका आणि फक्त बेसवर लक्ष ठेवा. पोरगा हलत नाही.

हे घडवलं सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी. स्वतः गायिका, १९७३ चं ‘पिलो टॉक’ त्यांचं. नवरा जो रॉबिन्सन आणि त्या आधीपासून रेकॉर्ड कंपनी चालवत होते, ती डबघाईला आली होती. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका पार्टीत डीजे गाण्यावर बोलतोय आणि माणसं त्याला साथ देताहेत हे त्यांनी पाहिलं आणि ठरवलं, हे रेकॉर्डवर आलं पाहिजे. कंपनीचं नावही हार्लेममधल्याच शुगर हिल या वस्तीचं घेतलं. ब्राँक्समधली मुरलेली मंडळी काही यात आली नाहीत. इंगलवूडमधल्या पिझ्झाच्या दुकानात काम करणारा हँक, आणि त्याच्याबरोबर वंडर माइक आणि मास्टर जी, असे तिघे जमले. आधी एकत्र गात नव्हते. स्टुडिओत उभे राहिले आणि साडेचौदा मिनिटांची रेकॉर्ड झाली.

आता मला आजही टोचणारी गोष्ट. हँकने आपले शब्द ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर काझकडून घेतले होते. काझचं आधीचं नाव कॅसानोव्हा फ्लाय. आणि हँक तोंड उघडतो तोच हे नाव एकेक अक्षर सुटं करून म्हणतो, जणू स्वतःचंच. कुणी तुकोबांचा अभंग आपला म्हणून गावा आणि शेवटचं ‘तुका म्हणे’सुद्धा तसंच ठेवावं, तसं हे. नाममुद्रा समोर आहे आणि श्रेयनामावलीत नाव नाही. शिकच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा बडगा दाखवल्यावर त्यांची नावं गीतकार म्हणून लागली. काझचं लागलं नाही. सिल्व्हियाबाईंची नजर मी मानतो, मनापासून मानतो. पण ही गोष्ट वगळून त्यांचा गौरव करायला मन धजत नाही.

निशिगंध
काका, खूप आभार. लेक विचारतेय, ब्राँक्सच्या लोकांना आनंद झाला की राग आला?

पेटीकर
दोन्ही. तिला सांगा, १९७३ पासून, कूल हर्कच्या सेजविक ॲव्हेन्यूवरच्या पार्टीपासून, या संगीताचा राजा डीजे होता. दोन टर्नटेबलांवर, म्हणजे तबकड्या वाजवायच्या यंत्रांवर, तो गाण्याचा नाचता भाग लांबवायचा, माइकवरचा माणूस त्याच्या साथीला. रेकॉर्डवर बँड आला, डीजे उरलाच नाही. रॅपर पुढे आला तो कायमचा. जगाला ही कला कळली ती या कंपनीमुळे, आणि तिचा तोलही बदलला तो याच कंपनीमुळे.

१९८२ चं ‘द मेसेज’ पाहा. नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह, पण फ्लॅशची टर्नटेबलं त्यात नाहीत. आवाज ग्रुपमधल्या मेली मेलचा आणि ड्यूक बूटीचा. बूटी, म्हणजे एड फ्लेचर, हा कंपनीचाच वादक. त्याने हे गाणं न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ या गावी आईच्या घराच्या तळघरात रचलं. तुटक्या काचा, उंदीर, वसुलीवाल्यांचे फोन. पार्टीत असलं कोण ऐकणार म्हणून ग्रुप आधी नाखूश होता, बाईंनी हट्ट धरला. रॅप वस्तीचं दुखणं बोलू लागलं ते इथून, असं मी मानतो. २००२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, त्यात हे गाणं आहे.

पुढे मानधन आणि नावावरून फ्लॅश कोर्टात गेला, ड्रम मशीनवाला रन-डीएमसी हा ग्रुप आला, बँडचा आवाज जुना वाटू लागला आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला कंपनी संपली.

रानपाखरू
इंगलवूडच्या वेस्ट स्ट्रीटवर कंपनीचा स्टुडिओ शोधायला मात्र जाऊ नका. २००२ मध्ये आग लागून तो गेला.

निशिगंध
काल जेवणं झाल्यावर अख्खं गाणं लावलं. हँक अक्षरं म्हणू लागला तशी लेकीने थांबवलं, मागे नेलं, वहीत एकेक अक्षर लिहून घेतलं. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर सिल्व्हियाबाईंच्या नावाशेजारी तिने आता काझचं नाव लिहिलंय. बेसवाल्या मुलाचंही घालायचं म्हणतेय.