मदत हवी आहे: अँटिबॉडीची हलकी साखळी पेशीत दिसते, मग माध्यमात का नाही?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एमएस्सी करतेय. प्रोजेक्टसाठी उंदराच्या मायलोमाच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) एनएस-१ पेशी वाढवल्या आहेत. ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखायची चाचणी) पेशींच्या अर्कात २५ किलोडाल्टनच्या आसपास कॅपा हलकी साखळी (अँटिबॉडीच्या जड आणि हलक्या साखळ्यांपैकी छोटी) ठसठशीत दिसते, पेशी ज्या द्रवात वाढतात त्या माध्यमात मात्र शून्य. आधी वाटलं, माध्यमात घातलेल्या सीरममधलं अल्ब्युमिन घोळ घालतंय. सीरम काढून पाहिलं, तरी तेच.

मग वाचलं की या पेशी साखळी बनवतात, पण बाहेर सोडतच नाहीत! (दोन आठवडे गेले ना माझे.) जड साखळीचं समजतं: हलकी साखळी जोडीला येईपर्यंत बीआयपी हे प्रथिन तिला एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (बाहेर जाणारी प्रथिनं जिथे घडतात तो पेशीतला भाग) धरून ठेवतं. पण हलकी साखळी एकटीही बाहेर पडू शकते. मायलोमाच्या रुग्णांच्या लघवीतलं बेन्स-जोन्स प्रथिन म्हणजे तीच की. मग इथेच ती का अडते? आणि याच पेशींचा अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींशी संकर करून हायब्रिडोमा केला की तीच साखळी अँटिबॉडीत बसून बाहेर येते, ते कसं?

आत ती किती वेळात मोडते हे बघायला सायक्लोहेक्झिमाइड (नवीन प्रथिनं बनणं थांबवणारं रसायन) देऊन दर तासाला नमुने घेणार आहे. कोणी केलंय का? मात्रा किती ठेवली होती? औंध-पाषाणकडचं कोणी असेल तर चहा माझ्याकडून. सरांना परत विचारायची हिंमत नाही.