भूस्थिर उपग्रह मोडीत काढा म्हणणाऱ्यांना उत्तर

जुना_हबवाला: ‘भूस्थिर उपग्रहांचे दिवस भरले, स्वस्त नेटवर्क हवं तर ५५० किलोमीटरवरच या,’ असं कालच्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय. वाचून डोकंच फिरलं. खालचा, म्हणजे तुमचा ५५०वाला, उपग्रह पाचेक वर्षांत बदलावा लागतो; वरचा, म्हणजे सुमारे ३६,००० किलोमीटरवर आकाशात एकाच जागी दिसणारा भूस्थिर, पंधरा वर्षं चालतो. शिवाय खालचे शेकड्यांनी लागतात आणि त्यांचा बराच वेळ रिकाम्या समुद्रावर जातो. दोनशे ठिकाणचं मीटर रीडिंग दिवसातून चारदा आणायला एवढा पसारा? एक हब, म्हणजे सगळ्या डिशना जोडणारं मुख्य केंद्र, दोनशे डिश, काम झालं. खालच्या कक्षेतलं ते उपग्रह-फोनवालं इरिडियम आठवा: ६६ उपग्रह, सुमारे ५ अब्ज डॉलर, १९९८ला सेवा सुरू, १९९९ला दिवाळं.

कक्षा५५०: पोस्ट माझीच. इरिडियमला ग्राहक मिळाले नाहीत म्हणून ते बुडालं. तेच उपग्रह पुढे जवळपास वीस वर्षं चालले, मग तुमचं पाच वर्षांचं गणित कुठे गेलं? आणि वरच्या उपग्रहाचा पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन उत्तर यायचा वेळ, ६०० मिलिसेकंद. डॉक्टर नि पेशंट व्हिडिओ कॉलवर एकमेकांचं वाक्य तोडत बसलेले मी पाहिलेत.

डेसिबल: कक्षेवरून कशाला भांडताय, पैसा डिशमध्ये बुडतो! आमच्याकडे खरेदीवाल्यांनी १.२ मीटरऐवजी ७५ सेंटीमीटरच्या डिश घेतल्या, केयू बँडवर, म्हणजे पावसात कमजोर पडणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर. गेन, म्हणजे डिशची सिग्नल गोळा करायची ताकद, चार डीबीने घटला, जवळपास अडीचपट कमी. पहिल्याच मुसळधार पावसात लिंक बंद पडली, मी छपरावर फीडचं, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या तोंडाचं, पाणी पुसत होतो. शेवटी मोडेम खालच्या कोडिंगवर आणले, म्हणजे कमजोर सिग्नलमध्येही टिकणाऱ्या पण हळू पद्धतीवर. म्हणजे तेवढ्याच डेटाला जास्त बँडविड्थ, आणि तिचं भाडं दर महिन्याला. डिश एकदाच घ्यायची असते हो!

कक्षा५५०: एसीएम, म्हणजे सिग्नल बघून कोडिंग आपोआप बदलणारी सोय, लावायचं ना. पाऊस आला की कोडिंग आपोआप खाली.

डेसिबल: मार्जिनच, म्हणजे सिग्नलची शिल्लक ताकदच, नसेल तर उतरायला पायरी कुठली? सगळ्या साइटवर एकदम पाऊस नसतो, म्हणून सामायिक बँडविड्थवर एसीएम कामाचं, एवढं मान्य. पण आधी डिश.

जुना_हबवाला: मी सी-बँड, म्हणजे केयूपेक्षा खालची फ्रिक्वेन्सी, सोडलाच नाही, पावसाची कटकटच नाही.

कक्षा५५०: आणि २.४ मीटरची डिश बोटीवर लावणार?

जुना_हबवाला: बोट मध्ये आणू नका! मी मीटरबद्दल बोलतोय.

कक्षा५५०: बरं, मीटरला वरचा उपग्रह पुरेल. मनापासून नाही म्हणत, पण हिशेब तसाच निघतोय. डॉक्टरचा कॉल मात्र तुमच्या हबवर टाकू देणार नाही.

जुना_हबवाला: नका टाकू. सहाशे मिलिसेकंदांत पेशंटचं बोलणं तुटतं, ते मलाही नकोय.